व्हर्लीन प्रुइटची पेन्सिल

हार्लन प्रुइट छपरावरून पडून गेला असता, तर त्यानं जन्मभर भरलेल्या कागदांचं चीज झालं असतं. शिडी घसरणं, खिळा डोळ्यात जाणं, आपला हातोडा दुसऱ्याच्या डोक्यावर पडणं, दुसऱ्याचा आपल्या डोक्यावर पडणं, या प्रत्येक गोष्टीचा विमा त्यानं उतरवला होता. पण तो गेला चर्चच्या मैदानावर, घडीच्या खुर्चीत, तळलेल्या माशांची तिसरी प्लेट मांडीवर घेऊन. एकतीस वर्षं छपरं घालणारा माणूस सपाट जमिनीवर सावलीत बसून जाऊ शकतो, हे कुठल्याच पॉलिसीला सुचलं नव्हतं.

ही बारा एप्रिलची गोष्ट. ऑयस्टर बेंडमध्ये सगळ्यांनाच वाईट वाटलं. गावातली निम्मी छपरं त्याच्या कंपनीची, आणि वादळानंतर जी जागेवर राहतात ती बहुतेक त्या निम्म्यातलीच. दहाव्या दिवशी राज्य सरकारलाही वाईट वाटलं. पत्र आलं. वर एक ओळ दुःखाची, खाली अकरा ओळी कायद्याच्या. छपराच्या कंत्राटदारीचा परवाना मयताच्या नावे होता, सबब तोही आता मयत. मृत्यूच्या तारखेपासून साठ दिवसांत कंपनीनं नवा परवानाधारक दाखवावा. न दाखवल्यास कंपनीनं एकही खिळा ठोकू नये, आणि वादळाची आणीबाणी जाहीर असताना ठोकलाच, तर तो साधा गुन्हा न राहता तुरुंगात जाण्याजोगा गुन्हा होईल. मागोमाग विमा कंपनीचं पत्र आलं. त्यांना दुःख वगैरे झालं नव्हतं. परवाना नाही तर कामगारांचा अपघात विमाही नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्या विम्यात पाच नावं होती. चार पुरुषांची आणि एक माझ्या मुलीचं.

शेल्बी सव्वीस वर्षांची आहे. तिनं हिशेबशास्त्राची पदवी घेतली, बँकेत नोकरी धरली, आणि आठ महिन्यांनी ती सोडून व्हर्लीन प्रुइटकडे छपरावर चढायला गेली. का, तर म्हणे वर मोकळी हवा असते. हवा असते हे मलाही मान्य आहे. आमच्याकडे ती कधीकधी ताशी एकशे वीस मैलांनी असते. तेव्हापासून मी एकाच गोष्टीवर जगत होते: मुलगी पडली तर कुणीतरी दवाखान्याचं बघेल, असं लिहिलेला कागद कुठेतरी आहे. आता त्या कागदाची मुदत अकरा जूनला संपणार होती. वादळांचा हंगाम एक जूनला सुरू होतो. सरकारनं तारखा अगदी विचार करून जुळवल्यासारख्या वाटत होत्या.

व्हर्लीन म्हणजे हार्लनची बायको; गावात आदरानं सगळे तिला मिस व्हर्लीन म्हणतात. वय अठ्ठावन्न, उंची पाच फूट, तीही बूट धरून. उजव्या कानामागे सुतारांची चपटी पेन्सिल. नवऱ्याच्या अंत्यविधीलाही ती पेन्सिल कानामागे होती. चर्चच्या दारात मी हळूच काढून घेतली, तर प्रार्थना संपल्यावर हात पुढे करून परत मागितली. "डोकं वाकडं झाल्यासारखं वाटतं गं त्याच्याशिवाय," म्हणाली.

परवाना हार्लनचा होता, छपरं व्हर्लीनची. कुठल्या घराला वारा कुठून लागतो, आढ्यापाशी किती फट सोडायची, वळचणीला पत्र्याची पट्टी किती रुंद हवी, हे सगळं तिच्या डोक्यात. हार्लनचं काम घरमालकाशी हस्तांदोलन करायचं, दोन विनोद सांगायचे आणि सही करायची. तो हे काम फार मनापासून करायचा. तरुणपणी दोघांपैकी एकानं परीक्षा द्यायची ठरली तेव्हा व्हर्लीननंच त्याला पुढे केलं, कारण घरमालकांना तोच आकडा पुरुषाच्या तोंडून ऐकला की स्वस्त वाटतो. हार्लन तिसऱ्या खेपेला पास झाला. त्यानंतर एकतीस वर्षं सरकारच्या लेखी छपरांचा जाणकार तो, आणि व्हर्लीन म्हणजे पत्नी.

ती स्वतः आता छपरावर चढत नाही. गुडघे गेले. ट्रकच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते आणि डोळे मिटून ऐकते. आमच्या किनाऱ्यावर छपरावर अंथरायच्या प्रत्येक डांबरी पट्टीला सहा खिळे लागतात. उत्तरेकडच्या डोंगराळ राज्यांत चारात भागतं. वर खिळ्यांची बंदूक टक-टक-टक-टक करून थांबली की खाली व्हर्लीनचे डोळे उघडतात.

"रॉस्को! चारावर थांबलास!"

"नाही हो मिस व्हर्लीन, सहा मारले!"

"मग दोन खिळे मुके होते का रे, लेकरा? परत जा."

रॉस्को चाळीस वर्षांचा आहे, तीन मुलांचा बाप. तो परत जातो.

हार्लनला पुरून दोन आठवडे झाले नसतील, तोच ग्रेडी स्कॅग्ज तळलेल्या कोंबडीची बादली घेऊन व्हर्लीनच्या ओसरीवर हजर झाला. मी तिथेच बसले होते. ग्रेडीला गावात सगळे ओळखतात. त्याच्याकडे परवाना आहे, आणि तो परवाना हाच त्याचा धंदा. चार कंपन्यांच्या ट्रकांवर त्याच्या परवान्याचा नंबर रंगवलेला आहे. त्याचा पाय मात्र एकाही शिडीवर पडलेला नाही. त्याला उंचीची भीती वाटते. दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्याकडे जातानासुद्धा तो भिंत धरून चढतो.

"मिस व्हर्लीन, तुम्ही काळजीच करू नका," तो म्हणाला. "माझा नंबर लावा ट्रकवर. दर महिन्याला माझं काय ते द्या. काम तुमचं, नाव माझं. सगळं गाव असंच चालतंय."

"आणि विमा?"

"तोही माझ्या पॉलिसीत बसवतो. निम्म्यात. माझा एजंट फार हुशार आहे. तुमच्या पाचही माणसांना आपण कार्यालयीन कर्मचारी दाखवू. कारकून पडून पडून कुठून पडणार? खुर्चीवरून! हप्ता एकदम खाली."

व्हर्लीननं बादलीतली एक तंगडी उचलली, निरखली आणि परत ठेवली. "लॉनी बीझलीला तसंच दाखवलं होतंस ना रे?"

ग्रेडी घड्याळाकडे बघायला लागला. लॉनी त्याच्याच एका कंपनीत होता. मागच्या ऑगस्टमध्ये दुमजली घरावरून पडून त्याचं माकडहाड मोडलं. विमा कंपनीच्या कागदावर तो फोन उचलणारा कारकून होता. फोन उचलताना माणूस वीस फूट खाली कसा आला, असं कंपनीनं लेखी विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत पैसे थांबवले. उत्तर अजून गेलेलं नाही. लॉनी आता खरोखरच बसून असतो.

"ती एक कारकुनी चूक झाली," ग्रेडी म्हणाला.

"हो ना, कारकुनीच," व्हर्लीन म्हणाली. "बादली घेऊन जा, ग्रेडी. झाकण नीट लाव, रस्त्यात सांडेल."

तो गेल्यावर मी म्हटलं, "पण मग साठ दिवसांत दुसरा माणूस आणणार कुठून?"

तिनं कानामागची पेन्सिल काढली आणि सरकारच्या पत्राच्या पाठीवर लिहिलं: व्हर्लीन मे प्रुइट. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "नडीन, तू शिकलेली आहेस. माझा अभ्यास घेशील?"

मी इतिहासात पदवी घेतली आहे आणि बावीस वर्षं गावच्या वाचनालयात काम करते. छपराबद्दल मला एवढंच कळतं की ते वर असावं. पण शेल्बीचं नाव ग्रेडीच्या कागदावर कारकून म्हणून चढलेलं मला दिसायला लागलं होतं. मी तिला अमेरिकन राज्यघटनासुद्धा शिकवली असती.

परीक्षा पुस्तकं उघडून द्यायची असते. म्हणजे ती सोपी असा समज होतो, आणि तो करून देण्यातच तिची खुबी आहे. चार जाडजूड पुस्तकं, हजारेक पानं, प्रत्येक प्रश्नाला तीन-साडेतीन मिनिटं. उत्तर पुस्तकात असतंच. फक्त ते कुठल्या पानावर, तळटिपेत की तळटिपेच्या अपवादात, हे ठाऊक हवं. व्हर्लीनला ते ठाऊक होतं. दर तीन वर्षांनी नियम बदलले, नवं पुस्तक आलं, की जुन्यातल्या आपल्या खुणा ती नव्यात उतरवून घ्यायची. समासात सगळीकडे तिचं बारीक अक्षर. "हॉजेसचं घर: वारा वळचणीखालून शिरला. पट्टी दोन इंच जास्त." "हे कोष्टक खाऱ्या हवेला खोटं. जस्ताचे खिळे घे." नियम कुठलाही असो, खाली एखाद्या घराचं नाव आणि एखाद्या वादळाचं.

रोज दुपारी वाचनालयाच्या मागच्या टेबलावर आम्ही बसायचो. मी प्रश्न विचारायचे, ती पुस्तक न उघडता उत्तर द्यायची, मग मी पान शोधून तपासायचे. पुस्तक दोनदा चुकलं.

नवी काही खूण करायची झाली आणि तिनं टेबलावरचा पेन उचलला, की माझा हात आपोआप पुढे जायचा. बावीस वर्षांची सवय. "पुस्तकात शाई नाही, व्हर्लीन. पुस्तकात फक्त पेन्सिल."

"पेन्सिलच तर वापरते मी."

"म्हणूनच तुझ्याशी माझं जमतं."

शिवाय महत्त्वाच्या पानांना मी वाचनालयातल्या पिवळ्या चिकट चिठ्ठ्या लावून दिल्या. एकशे चाळीस. पुस्तकं कडेनं पिसारा फुलवल्यासारखी दिसायला लागली. मला माझा फार अभिमान वाटला.

परीक्षा एकोणतीस मेला, राज्याच्या राजधानीत, टॅलाहासीत. तिथे जायला अडीच तास लागतात आणि परीक्षा नऊची, म्हणून आम्ही पहाटे पावणेचारला निघालो. शेल्बी म्हणाली, "आई, तू कुठेही जाताना वादळ मागे लागल्यासारखी निघतेस." पण मला वाटेत टायर फुटलेला, पूल बंद झालेला आणि व्हर्लीनला घेरी आलेली, सगळं आधीच दिसत होतं. यातलं काहीच झालं नाही. साडेसहाला आम्ही दारात होतो. सातला दार उघडलं.

टेबलाशी एक तरुण होता, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर नियम. त्यानं पहिलं पुस्तक उघडलं, पानं फडफडवली आणि थांबला.

"मॅडम, हे पेन्सिलनं लिहिलंय."

"हो," व्हर्लीन अभिमानानं म्हणाली.

"पेन्सिल चालत नाही. शाईच्या खुणा चालतात. पेन्सिलनं लिहिलेलं आत नेता येत नाही, आणि या चिकट चिठ्ठ्याही नाही. कायमच्या चिकटवलेल्या हव्यात. परीक्षेच्या माहितीपुस्तिकेत पान चौदावर दिलंय."

त्या पुस्तिकेचं पान चौदा मी वाचलं नव्हतं. माझ्या मते ते पार्किंगबद्दल होतं.

"का पण?" मी विचारलं. माझा आवाज जरा वरच लागला असावा.

"पेन्सिलनं लिहिलेलं परीक्षा चालू असताना लिहिलं असेल, तर आम्हाला कळणार कसं? प्रश्न उतरवून बाहेर नेतात लोक."

"ही बाई एकतीस वर्षांपूर्वीचं वादळ उतरवून बाहेर नेणार आहे का?"

"नडीन," व्हर्लीन म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "लेकरा, मग मी काय करू?"

तो गोंधळला. बहुधा लेकरा म्हणून त्याला तिथे कुणी हाक मारली नसावी. "एक तर पुढची तारीख घ्या. एकोणीस जून. नाहीतर नऊच्या आत सगळं खोडून आणा."

एकोणीस जूनला कंपनी बंद पडून आठ दिवस झालेले असणार होते. व्हर्लीननं विचारलं, "खोडरबर आहे का?"

त्यानं ड्रॉवरमधून दोन काढून दिले. सरकारी होते, नवेकोरे.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. दोन पुस्तकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. पिवळ्या चिठ्ठ्या उपटायला पाच मिनिटं पुरली. त्या लावायला मला दोन आठवडे लागले होते. मग खोडायला सुरुवात केली. व्हर्लीन प्रत्येक ओळ आधी वाचायची, ओठ हलवत, आणि मग पुसायची.

"हॉजेसचं घर," ती म्हणाली. खर्र, खर्र. "गेलं."

"व्हर्लीन, माझी चूक झाली. मीच तुला..."

"मी काय तुझ्या सांगण्यानं पेन्सिल धरली का? पावसात शाई उतरते, म्हणून धरली. हात चालव."

मी हात चालवला. पान उलटलं, पुसलं, पान उलटलं, पुसलं. वाचनालयात कुणी पुस्तकावर रेघ मारली तर मी दंड करते. इथे मी एका बाईचं अख्खं आयुष्य रबरानं घासून त्याचा चुरा स्कर्टवरून झटकत होते. साठेक पानांनंतर एका कोष्टकाच्या कडेला दोन शब्द दिसले. मी घासलं. जाईनात. जोरानं घासलं, तर कागदच सोलायला लागला. निळी शाई होती. अक्षर व्हर्लीनचं नव्हतं, आणि पेन्सिलीच्या गर्दीत ते आजवर आम्हा दोघींच्याही नजरेतून सुटलं होतं.

"व्ही.ला विचार."

दोन पानांनी पुन्हा: "व्ही.ला विचार." वाऱ्याच्या दाबाचं गणित होतं तिथे तर दोनदा, खाली दुहेरी रेघ मारून. मी पुस्तक तिच्यापुढे धरलं.

व्हर्लीननं हार्लनच्या अक्षरावर बोट ठेवलं. हार्लनच्या ड्रॉवरमध्ये विमा एजंटांनी फुकट वाटलेले पेन भरलेले असायचे. त्यानं जन्मात पेन्सिल हातात धरली नाही. दर तीन वर्षांनी नवं पुस्तक आलं की तो ते एकदा मुकाट्यानं चाळायचा, एवढंच तिला ठाऊक होतं. चाळताना तो काय करायचा, ते तिला आत्ता कळत होतं.

"गाढव," ती म्हणाली. मग नाक पुसून, "मला तोंडानं कधी नाही म्हणाला हे."

पावणेनऊला आम्ही पुस्तकं परत टेबलावर ठेवली. तरुणानं पानं पुन्हा फडफडवली. निळ्या शाईपाशी थांबला. वाचलं. आणखी चार पानं उलटली, पुन्हा तेच वाचलं.

"हे काय आहे, मॅडम?"

"शाई," व्हर्लीन म्हणाली.

"ते बरोबर आहे, पण याचा परीक्षेला उपयोग काय?"

"शाई चालते ना?"

"चालते."

"मग जाऊ दे मला आत."

ती साडेचार तासांची परीक्षा होती. मी बाकावर बसून रबराचा चुरा गोळा करत होते. साडेअकराला ती बाहेर आली, तेव्हा मला वाटलं सोडून दिली. तिच्या हातात छापील कागद होता. पास व्हायला सत्तर लागतात. तिला ब्याण्णव होते.

"एवढ्या लवकर?" मी म्हटलं. "आठवलं सगळं?"

"अडलं की पुस्तक उघडायचे," ती म्हणाली. "पुस्तक म्हणायचं, व्ही.ला विचार. मग विचारायचे." गाडीत बसल्यावर तिनं पेन्सिल कानामागून काढली, बघितली आणि पुन्हा तिथेच ठेवली. "दोन प्रश्न मात्र हार्लनच्या विनोदांसारखे होते गं. उत्तर ऐकल्यावरही कळत नाहीत."

बाकीचे अर्ज तिनं आधीच भरून ठेवले होते. परवाना नऊ जूनला आला. मुदतीला दोन दिवस होते. ग्रेडी स्कॅग्जनं अभिनंदनाचं कार्ड पाठवलं, त्यात आपला नंबरही लिहिला होता, लागलाच तर असावा म्हणून.

मग विमा कंपनीचा माणूस आला. त्यानं अर्ज भरून घेतला आणि छपराच्या कामाच्या अनुभवासमोर शून्य लिहिलं. परवाना आजचा, म्हणून अनुभव आजचा. सबब हप्ता जास्त. ग्रेडीला मात्र चौदा वर्षांचा अनुभव आणि वर सूट, कारण इतक्या वर्षांत त्याच्या कंपन्यांचा एकही कारकून छपरावरून पडल्याचं सिद्ध झालेलं नाही.

"जास्त तर जास्त," व्हर्लीन म्हणाली. "पण माणसं काय करतात ते नीट लिही. मी बघते आहे."

त्या विम्याचा दाखला शेल्बीनं घरी आणला. मी चष्मा लावून तो तीनदा वाचला. चौथ्या ओळीत माझ्या मुलीचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं: छप्पर कामगार, उंचीवरील काम, सर्वाधिक धोक्याचा वर्ग. एवढं सुंदर वाक्य मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं. मी ते फ्रिजवर लावलं.

"आई, लोक मुलांची पदवी लावतात," शेल्बी म्हणाली.

"पडल्यावर पदवी झेलत नाही."

अकरा जूनला त्यांनी रॉस्कोच्या सासूच्या घराचं छप्पर कामाला घेतलं. आखातात पहिलं वादळ तयार होत होतं, अजून नाव न ठेवलेलं. मी जेवणाचे डबे पोचवायच्या निमित्तानं गेले. शेल्बी आढ्यापाशी होती, दोर लावलेला, पण मला तो दोर फार बारीक वाटला. व्हर्लीन ट्रकच्या सावलीत खुर्चीवर बसली होती. ट्रकवर नवा नंबर होता. नाव हार्लनचंच ठेवलं होतं. ते बदलायला कुठलाही कायदा सांगत नव्हता.

"नडीन, वर बघू नकोस," डोळे न उघडता ती म्हणाली. "बघून बायका म्हाताऱ्या होतात. बस इथे आणि ऐक."

मी बसले. वर बंदूक वाजायला लागली. एक, दोन, तीन, चार. थांबली. व्हर्लीनचे डोळे उघडले आणि माझ्याकडे वळले.

"शेल्बी!" मी ओरडले. "चारावर थांबलीस!"

मग वर बंदूक आणखी दोनदा वाजली.